पीळ आणि तडा : रागासाठीचा एक स्वीडिश शब्द

दुपारचे चार वाजले आहेत. आपण वडिलांसमोर चहाची कपबशी ठेवता. ‘साखर घातलेली नाही’ अशी त्यांची तक्रार येते. ‘बाबा, मधुमेह आहे ना?’ एवढेच आपण म्हणता, आणि पुढच्याच क्षणी कपबशी जमिनीवर आपटते. आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो. ज्यांनी उभ्या आयुष्यात घरात अपशब्द उच्चारला नाही, त्यांच्या तोंडून तो बाहेर पडतो. दहा मिनिटांनी ते शांत होतात, कदाचित घडलेले विसरूनही जातात. आपण मात्र काचा गोळा करताना मनात एकच प्रश्न घोळवीत असता : हे असे का झाले?

किंवा चित्र उलटे असेल. ज्येष्ठ आपणच आहात. सून काही चुकीचे बोलली नव्हती, तरीही आपला आवाज चढला. नंतर रात्रभर झोप लागली नाही. आपल्या हातून हे कसे घडले, याचे उत्तर आपल्यालाही सापडले नाही.

अशा प्रसंगाला आपण कोणते नाव देतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ‘हट्टीपणा’ म्हटले की आपण हट्टाशी भांडू लागतो. ‘म्हातारचळ’ म्हटले की हात झटकून मोकळे होतो. ‘नाटक’ म्हटले की मनात अढी बसते. म्हणूनच आज आपण थोडे दूर, युरोपच्या उत्तरेला, स्वीडनमध्ये जाऊ या. तेथील भाषेत रागाच्या अशा आकस्मिक झटक्यासाठी एक जोडशब्द आहे : ‘व्रेदेसऊतब्रोत’. उच्चारायला अवघड, परंतु उलगडून पाहिला तर फार बोलका. त्याची व्युत्पत्ती जाणून घेतल्याने कोणाचा राग जाईल असे नाही. मात्र रागाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलू शकते, आणि शुश्रूषा करणाऱ्याला त्या दृष्टीचा उपयोग औषधाइतकाच असतो.

तीन शब्दांची एक माळ

स्वीडिश ही संस्कृतप्रमाणेच समासांची भाषा आहे. तेथे दोन-तीन शब्द एकमेकांना जोडून, मध्ये जागा न सोडता, नवा शब्द लिहिला जातो. जागा सोडली तर कधी कधी अर्थाचा अनर्थ होतो. याचे तेथे नेहमी दिले जाणारे उदाहरण परिचारिकेचे आहे. ‘शूक’ म्हणजे आजारी आणि ‘शॉतेर्स्का’ म्हणजे काळजी घेणारी स्त्री. दोन्ही जोडून लिहिले तर अर्थ होतो ‘परिचारिका’. तोडून लिहिले तर ‘आजारी असलेली परिचारिका’! शुश्रूषा करता करता स्वतःच अंथरूण धरणाऱ्या कितीतरी गृहिणींना या उदाहरणातील विनोद आणि वेदना दोन्ही कळतील.

‘व्रेदेसऊतब्रोत’ या शब्दात तीन घटक आहेत : ‘व्रेदे’ म्हणजे क्रोध, ‘ऊत’ म्हणजे बाहेर आणि ‘ब्रोत’ म्हणजे तुटणे, भंग. मधला ‘स’ हा आपल्या ‘चा-ची-चे’ या प्रत्ययांसारखा षष्ठीचा सांधा आहे. सरळ अर्थ : क्रोधाचे तुटून बाहेर पडणे. आता एकेक घटक पाहू.

व्रेदे : आधी पीळ, मग राग

‘व्रेदे’ हे नाम ‘व्रेद’ या विशेषणापासून बनले. ‘व्रेद’ म्हणजे रागावलेला. परंतु त्याचा मूळ अर्थ ‘पिळलेला, वळवलेला’ असा आहे. आजच्या स्वीडिशमध्ये ‘व्रीदा’ हे क्रियापद ‘पिळणे, फिरवणे’ या अर्थाने रोज वापरले जाते आणि ते याच कुळातील आहे. एवढेच नव्हे, तर शेगडीची कळ किंवा दाराची मूठ यांसारख्या फिरवायच्या वस्तूलाही स्वीडिशमध्ये ‘व्रेद’ असेच म्हणतात. स्वयंपाकघरातील शेगडीची कळ आणि संतापलेला माणूस यांना एकच शब्द! इंग्रजीतही या कुळाची माणसे आहेत. क्रोध या अर्थाचा ‘रॅथ’, वेदनेने अंग पिळवटणे या अर्थाचा ‘राइद’ आणि डहाळ्या वळवून केलेल्या पुष्पचक्राचा ‘रीथ’ हे सारे एकाच मुळाचे आहेत.

म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपातील माणसांनी रागावलेल्या व्यक्तीकडे पाहिले, तेव्हा त्यांना ज्वाळा दिसली नाही, पीळ दिसला. आक्रसलेल्या भुवया, आवळलेल्या मुठी, ताठरलेली मान. हे निरीक्षण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचे नाही. राग येतो तेव्हा स्नायू खरोखरच आखडतात.

आपली मराठी रागाला बहुधा उष्णतेच्या भाषेत बांधते. पारा चढतो, भडका उडतो, अंगाचा तिळपापड होतो, तळपायाची आग मस्तकाला जाते. ‘संताप’ या शब्दातच ताप आहे. ‘राग’ हा शब्द संस्कृतात मुळी रंगाचा, लालीचा आणि आसक्तीचा. मराठीत येऊन तो क्रोधाचा झाला. तरीही पिळाची प्रतिमा आपल्याला परकी नाही. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ताठा आणि पीळ यांचे नाते आपणही मान्य करतो. पोटात पीळ पडतो, मन पिळवटते, हेही आपलेच अनुभव आहेत.

पीळ एका क्षणात बसत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. दोरी वळणाऱ्याला विचारा : एकेक फेरा देत तो घट्ट होत जातो. चहात साखर नसणे हा शेवटचा फेरा होता. आधीचे फेरे कोणते, हे शोधायचे असते.

ऊत : आपल्या ‘उद्’चा दूरचा भाऊ

‘ऊत’ म्हणजे बाहेर. इंग्रजीतील ‘आउट’ आणि जर्मनमधील ‘आउस’ हे त्याचे सख्खे भाऊ. संस्कृतातील ‘उद्’ हा उपसर्गही त्याच प्राचीन मुळाचा आहे. उद्गम, उद्भव, उत्साह आणि आपल्या विषयाला अगदी लागू असा शब्द म्हणजे ‘उद्रेक’, या सर्वांच्या आरंभी तोच ‘उद्’ आहे. स्वीडनमधली आजी आणि साताऱ्यातली आजी यांच्या रागाच्या शब्दांत असा एक जुना, समान धागा आहे.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. ‘उद्रेक’ या शब्दात ‘रिच्’ हा धातू आहे. रिक्त, रेचक, अतिरेक हे शब्द त्याच धातूचे. आपल्या शब्दात भांडे भरून वाहते, रिते होते. स्वीडिश शब्दात भांडे फुटते.

ब्रोत : हाडाचा, जहाजाचा आणि कायद्याचा भंग

‘ब्रोत’ हा शब्द ‘ब्रीता’ म्हणजे मोडणे, तोडणे या क्रियापदापासून आला आहे. स्वीडिशमध्ये त्याचा संसार फार मोठा आहे. एकटा ‘ब्रोत’ म्हणजे गुन्हा, कारण गुन्ह्यात कायदा मोडतो. ‘स्तेनब्रोत’ म्हणजे दगडाची खाण. ‘शेप्सब्रोत’ म्हणजे जहाज फुटणे. ‘आवब्रोत’ म्हणजे खंड पडणे. वीज गेली तरी हाच शब्द. ‘साम्मानब्रोत’ म्हणजे कोसळून पडणे. एखाद्याचा धीर सुटून तो पार खचला, तर तोही ‘साम्मानब्रोत’. आणि ‘येनोमब्रोत’ म्हणजे अडथळा फोडून पलीकडे जाणे, मोठे यश मिळणे.

ज्येष्ठांच्या घरी सर्वांत परिचित असे उदाहरण तर पुढेच आहे. हाड मोडणे म्हणजे ‘बेनब्रोत’. मांडीच्या हाडाची मान मोडते, आपण ज्याला सर्वसाधारणपणे ‘खुब्याचे फ्रॅक्चर’ म्हणतो, त्याला स्वीडिशमध्ये एकच लांबलचक शब्द आहे : ‘लोरबेन्सहाल्सब्रोत’. मांडी, हाड, मान, भंग अशी ती चार शब्दांची माळ.

‘ऊतब्रोत’ हा शब्दही केवळ रागाचा नाही. ज्वालामुखीचा उद्रेक, साथीच्या रोगाचा फैलाव, युद्धाचा भडका, या सर्वांना स्वीडिश माणूस ‘ऊतब्रोत’च म्हणतो. जर्मन भाषेतील ‘आउसब्रुख’ या शब्दाची घडणही अशीच आहे.

आता खुब्याचे हाड आणि राग यांना एकाच शब्दात बसवणाऱ्या या भाषेकडून आपण काय घ्यावे? घरात आजीचे हाड मोडले तर आपण तिच्यावर ओरडत नाही. ‘मुद्दाम मोडलेस’ असे म्हणत नाही. हाड आधीच ठिसूळ झाले होते का, पाय कशावरून घसरला, रात्री दिवा होता का, असे प्रश्न आपण विचारतो. रागाच्या तड्याबद्दल मात्र आपण हे प्रश्न विचारत नाही. तेथे आपण थेट निवाडा देतो.

राग ‘येतो’ आणि ऊतब्रोत ‘मिळतो’

आणखी एक गंमत पाहा. स्वीडिश माणूस रागाचा झटका ‘करीत’ नाही. त्याला तो ‘मिळतो’. ‘मिळणे, प्राप्त होणे’ या अर्थाचे ‘फो’ हे क्रियापद तेथे वापरतात. ताप ‘मिळतो’, तसाच हा झटकाही. मराठीतही आपण ‘मी राग केला’ असे क्वचितच म्हणतो. ‘मला राग आला’, ‘मला रडू आले’ असेच म्हणतो. दोन्ही भाषांना हे ठाऊक आहे, की भावना येते तेव्हा माणूस तिचा कर्ता नसतो, तिला सामोरा जाणारा असतो.

येथे एक सावधगिरी हवी. राग ‘येणे’ आपल्या हाती नसले, तरी हात उगारणे पुष्कळ वेळा आपल्या हाती असते. मेंदूच्या आजाराने तो लगामही सैल झालेला असू शकतो, आणि तेव्हा दोष देऊन उपयोग नसतो. परंतु धडधाकट मनुष्याने ‘मला राग आला’ या वाक्याआड लपू नये.

वाफ बाहेर टाकली की राग जातो का?

ज्वालामुखी, प्रेशर कुकर, बांध अशा प्रतिमांमुळे आपली एक समजूत घट्ट झाली आहे : राग आत कोंडला तर वाईट, म्हणून तो ओरडून, आपटून बाहेर टाकावा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या समजुतीची परीक्षा झाली. चिडलेल्या सहभागींपैकी काहींना त्या व्यक्तीचा विचार करीत ठोसे मारायला लावले, काहींना दुसरा विचार करीत ठोसे मारायला लावले आणि काहींना नुसते शांत बसवले. ज्यांनी चिडवणाऱ्याचा विचार करीत ठोसे मारले, त्यांचाच राग सर्वांत जास्त राहिला. नुसते शांत बसलेले अधिक निवळले.

हृदयविकार असणाऱ्यांसाठी तर हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. अमेरिकेतील हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१४ साली नऊ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले, की रागाच्या तीव्र झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता इतर वेळेच्या तुलनेत जवळजवळ पाचपट होते. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण एका प्रसंगापुरता हा धोका लहानच असतो. परंतु ज्यांचे हृदय आधीच दुबळे आहे आणि ज्यांना दिवसातून अनेकदा राग येतो, त्यांच्यासाठी ही लहान भर साठत जाते.

आपल्या परंपरेने याबाबत एक सूक्ष्म भेद केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात रोखू नयेत असे तेरा नैसर्गिक वेग सांगितले आहेत. मलमूत्र, शिंक, भूक, तहान, झोप यांच्याबरोबर अश्रूही त्यात आहेत. त्याच अध्यायात आवरावेत असे मनाचे वेगही सांगितले आहेत, आणि त्यात लोभ, भय यांच्यासोबत क्रोध आहे. रडू आले तर रडू द्यावे, राग आला तर आवरावा, असा हा व्यवहारी सल्ला आहे. ‘पुरुषाने रडू नये’ म्हणत अश्रू कोंडणाऱ्या आणि राग मात्र मोकळा सोडणाऱ्या घरांनी तो पुन्हा वाचावा.

तडा कोठून सुरू झाला?

मेंदूच्या विकारांतील आकस्मिक उद्रेकांचा अभ्यास करणाऱ्यांत कुर्ट गोल्डश्टाइन या जर्मन मेंदूतज्ज्ञांचे नाव महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांना दिसले, की अगदी साधे काम जमले नाही तरी हे रुग्ण एकाएकी बिथरतात, थरथरतात, संतापतात. या अवस्थेला त्यांनी ‘आपत्तीची प्रतिक्रिया’ अशा अर्थाचे नाव दिले. समोरचे काम आणि आपली शक्ती यांतील अंतर अचानक जाणवले, की मनाला ती आपत्तीच वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही आणि ती सदरा फाडू पाहते, तेव्हा हेच घडत असते.

स्वीडनमध्ये राणी सिल्विया यांनी, आपल्या आईच्या स्मृतिभ्रंशाच्या अनुभवानंतर, १९९६ साली स्टॉकहोमजवळील ड्रॉटनिंगहोल्म येथे ‘सिल्वियाहेमेट’ ही संस्था उभी केली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी आणि त्यासाठीचे प्रशिक्षण हे तिचे कार्य. तेथील वृद्धसेवेत २०१० पासून एक राष्ट्रीय नोंदपद्धतीही चालते. रुग्ण बिथरतो, तेव्हा आधी त्याला दुखते का, झोप झाली का, ऐकू येते का, पोट भरले का, अशा कारणांची यादी तपासावी आणि मग उपाय ठरवावा, अशी तिची दिशा आहे. खुब्याच्या हाडाला जे प्रश्न आपण विचारतो, तेच हे प्रश्न आहेत.

आपणही घरी अशी यादी करू शकता. उद्रेक झाला की एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : वेळ, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडले, कोण समोर होते आणि कशाने शांत झाले. आठ-दहा नोंदी झाल्या की बहुधा आकृती दिसू लागते. संध्याकाळचीच वेळ, आंघोळीचाच प्रसंग किंवा घरातील दूरदर्शनसंचाचा आवाज, असे काहीतरी पुन्हा पुन्हा समोर येते. त्याचबरोबर पुढील कारणे अवश्य तपासावीत :

• सांधे, दात, पाठ यांचे दुखणे. अनेक ज्येष्ठ ते शब्दांत सांगत नाहीत किंवा सांगू शकत नाहीत.
• बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता.
• भूक, आणि मधुमेहात रक्तातील साखर एकदम उतरणे.
• अपुरी झोप, कमी ऐकू येणे, अंधूक दिसणे.
• नुकतेच सुरू झालेले, बदललेले किंवा बंद झालेले औषध.
• दुःख, एकटेपणा आणि आपला कारभार दुसऱ्याच्या हाती गेल्याची खंत.

स्वभावातील बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी झाला असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, माणूस कधी गुंगीत तर कधी अस्वस्थ असेल, तर ती रागाची गोष्ट नाही. डॉक्टर तिला ‘डिलिरियम’ म्हणतात, आणि तिच्यावर त्याच दिवशी उपचार हवेत. तसेच पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना रडू किंवा हसू कोसळते आणि थांबवता थांबत नाही. मेंदूच्या विकारात सहज रडू येते, हे चार्ल्स डार्विन यांनीही १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले होते. हे दुःख नव्हे आणि ढोंगही नव्हे. मेंदूतील नियंत्रण सुटल्याचे ते लक्षण आहे. त्यावर औषधे आहेत, म्हणून संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

त्या पाच मिनिटांत काय करावे?

उद्रेक चालू असताना युक्तिवाद करू नये. ‘मी बरोबर, तुम्ही चूक’ हे सिद्ध करण्याची ती वेळ नव्हे. आवाज खाली आणावा, वाक्ये लहान ठेवावीत. समोर उभे राहून वाकण्यापेक्षा थोडे बाजूला, नजरेच्या पातळीवर बसावे. घरातील सर्वांनी भोवती गर्दी करू नये; एकानेच बोलावे. काच, गरम पाणी, सुरी हाताशी असेल तर शांतपणे दूर करावी. ‘आपल्याला त्रास होतो आहे, हे कळते आहे मला’ एवढे वाक्य पुष्कळदा पुरते. कोणाला इजा होण्याची भीती वाटली तर अंतर राखावे आणि मदत बोलवावी.

राग स्वतःलाच येत असेल, तर पीळ उलगडण्याची सुरुवात शरीरापासून करावी. मुठी सोडाव्यात, खांदे खाली आणावेत, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याला अधिक वेळ द्यावा. ‘मी दहा मिनिटांनी बोलतो’ असे सांगून दुसऱ्या खोलीत जावे, आणि दहा मिनिटांनी खरोखर परत यावे; नाहीतर ते निघून जाणे म्हणजे अबोला ठरतो.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपलाही तडा कधी जाईल. वर्षानुवर्षे रात्रीची झोप मोडल्यावर कोणाचाही जाईल. असे झाले तर स्वतःला दुष्ट ठरवू नका. तो आपल्याला मदत हवी असल्याचा निरोप समजा. आठवड्यातून काही तास भावंडांपैकी कोणी, शेजारी किंवा पगारी मदतनीस येईल अशी व्यवस्था मागा. हे मागणे म्हणजे कर्तव्यातून पळणे नव्हे.

निघताना स्वीडिशमधील आणखी एक जोडशब्द सोबत घेऊ या. संयमाला तेथे ‘तोलामूद’ म्हणतात. ‘तोला’ म्हणजे सोसणे आणि ‘मूद’ म्हणजे मन. आज त्याचा अर्थ धैर्य असाही होतो. सोसणारे मन म्हणा, सोसण्याचे धैर्य म्हणा. परंतु एकट्याच मनाने सारे सोसावे, असे त्या शब्दात कोठेही म्हटलेले नाही. उद्या दुपारी पुन्हा चार वाजतील, पुन्हा चहा होईल. तेव्हा साखरेविषयी बोलण्याआधी एकदा विचारून पाहा : ‘बाबा, आज गुडघा फार दुखतो आहे का?’